नामंजूर लॉटमधली रॅकेट

महाराजपूर, जबलपूर
रविवार, सकाळचा चहा करून झाल्यावर

आदरणीय नीलकंठभाऊ,

तुम्हाला आणि वहिनींना मुरलीधरचा मनापासून जय भीम. इकडे आम्ही दोघं मजेत आहोत, म्हणजे मी मजेत आहे आणि तुमची बहीण काल दुपारपासून माझ्याशी पुन्हा बोलून राहिली आहे. तुमचा गुडघा कसा आहे? वहिनींची शुगर? डॉक्टरनं सांगितलेलं चालणं तुम्ही खरंच करता, की चौकातल्या पानठेल्यापर्यंत जाऊन येता आणि घरी चालणं म्हणून सांगता? (राग मानू नका. पस्तीस वर्षं खमरियाच्या दारूगोळा फॅक्टरीत तपासणी विभागात काढली, समोर येईल ते तपासायची सवय लागली आहे.) फोनच करणार होतो, पण फोनवर तुम्ही दोनदा "बरं, बरं" म्हणता आणि वहिनींच्या हाती देता, मग विषय कैरीच्या लोणच्यावर जातो. म्हणून कागद घेतला. तुम्ही भंडाऱ्याच्या पोस्टात उभं आयुष्य काढलं, निदान कागदाचा तरी मान ठेवाल.

मुद्द्याची गोष्ट आधीच लिहून टाकतो. पुढच्या महिन्यात भोपाळला पंचावन्न वर्षांवरच्यांची पॅडलची स्पर्धा आहे, आणि तुमच्या बहिणीला, प्रतिमाला, मी तिथं पाठवणार म्हणजे पाठवणार. हे मी ठरवलं आहे, आणि एकदा ठरवलं की मी मागे हटत नाही. (इथं वहिनी हसल्या असतील. हसू द्या.)

पॅडल म्हणजे काय, ते आधी सांगतो, नाही तं तुम्ही मागच्यासारखे तुमच्या पोराला, बंटीला फोन लावत बसाल. टेनिसचा छोटा भाऊ समजा. चारी बाजूंनी काच आणि जाळी, वरून उघडं, मधात नेट, इकडे दोघं, तिकडे दोघं. चेंडू टप्पा खाऊन मागच्या काचेवर आदळला आणि परत आला तरी मारायचा. रॅकेटला तारा नसतात, सपाट फळी असते, तिला भोकं. आमच्या कॉलनीपासून दहा मिनिटांवर एक मॅरेज गार्डन आहे, त्याच्या मालकानं अर्ध्या जागेत असं एक कोर्ट बांधलं. लग्नाच्या दिवशी तिथं चाटचा काउंटर लागतो आणि दुसऱ्या दिवशी सर्व्हिस करताना पायाखाली पाणीपुरीच्या पुऱ्या फुटतात. (मागच्या आठवड्यात कुणाच्या तरी वरातीतला घोडेवाला काचेबाहेर उभा राहून आमचा पूर्ण सेट पाहून गेला. जाताना प्रतिमाला सलाम करून गेला, मला नाही.) आठ महिन्यांपूर्वी मीच तिला घेऊन गेलो होतो. रिटायर माणसानं घरात बसू नये, असा माझा विचार. तिनं पदर खोचला आणि तिसऱ्याच दिवशी तिला माहीत पडलं की चेंडू काचेवरून कुठं येणार. मला आठ महिने झाले, अजून चेंडू येतो तिथं मी नसतो, आणि मी असतो तिथं काच असते. नाकावरची खूण आता गेली.

तिथं एकता नावाची कोच आहे, तुमच्या नातीच्या वयाची, पण जिभेला धार. ती एक दिवस मला बाजूला घेऊन म्हणाली, "अंकल, आंटी अब अ‍ॅडव्हान्स्ड हैं. ऑल-राउंड खेलती हैं. उनका रॅकेट बदलिए." मी विचारलं, और हम? ती म्हणाली, "आप पानी पीजिए." म्हणजे पुढंही चांगली, मागंही चांगली, जोरानं मारायचं तिथं जोर, अलगद ठेवायचं तिथं अलगद, असा खेळाडू. तिनंच भोपाळचं काढलं. शर्मिला मॅडम म्हणून एक आहेत, रेल्वेतून रिटायर, जुन्या टेबल टेनिसवाल्या, त्यांना जोडीदार पाहिजे होता. त्या आणि प्रतिमा, अशी जोडी. मी माझा दावा तिथल्या तिथं सोडला. (अर्धा तास लागला, पण सोडला.)

प्रतिमाला विचारलं तं नाही म्हणाली. काहून नाही? नातवाची परीक्षा आहे. नातवाची परीक्षा त्याच्या आईबापाकडे सोपवली. मग म्हणे, घराला कुलूप राहील. कुलूप राहील तं राहू दे, त्यासाठीच कुलूप असतं. शेवटी म्हणाली, माझ्याजवळ धड रॅकेट तरी आहे का, मॅरेज गार्डनची भाड्याची फळी घेऊन भोपाळला जाऊ आणि लोकांना हसवू? धड रॅकेट येईल तेव्हा पाहू. भाऊ, हे निमित्त होतं, मला कळत होतं. पण मी म्हटलं, चलो, निमित्त तं निमित्त. शेवटचं आहे ना? हेही बंद करतो. फॉर्म भरायची मुदत काल शनिवारपर्यंत होती, म्हणजे माझ्या हातात तेव्हा पाच आठवडे होते.

एवढा हट्ट काहून, ते तुमच्यापासून लपवून काय उपयोग? एकोणनव्वदचा मे तुम्हालाही आठवत असेल. खो-खोत जिल्ह्याच्या संघाची ती कॅप्टन होती, नागपूरच्या निवड शिबिराचं बोलावणं आलं होतं, आणि शिबिर सुरू व्हायच्या दुसऱ्याच दिवसाची आमच्या लग्नाची तारीख निघाली, कारण नवीन नोकरीत मला त्याच आठवड्याची रजा मिळाली होती. शिबिराचं मला लग्नानंतर आठ दिवसांनी समजलं. तेही तिच्याकडून नाही, तुमच्याकडून, जेवताना, तुम्ही सहज बोलून गेले. तिनं आजपर्यंत एक शब्द काढला नाही. मीही विषय काढला नाही, फक्त दुसऱ्या दिवसापासून सकाळचा चहा मी करायला लागलो. छत्तीस वर्षं झाली, ताप असला तरी चहा माझाच. कशाबद्दल, ते मी तिला कधी सांगितलं नाही. मला वाईट वाटते भाऊ, अजूनही वाटते, आणि आलं किसून ते कमी होत नाही, हे आता कळून चुकलं आहे.

असो. रॅकेट. मी सोळा व्हिडिओ पाहिले आणि वही केली. गोल रॅकेट असते, ती सांभाळून खेळणाऱ्यांची, चेंडू सांगाल तिथं जातो पण जोर कमी. दुसरी हिऱ्याच्या आकाराची, वरच्या अंगाला जड, तिच्यात जोर भरपूर, पण थोडा चुकला की मनगट आणि कोपर दोन्ही बोंबलतात. आणि तिसरी थेंबाच्या आकाराची, तोल मधात, दोन्हीचं थोडं थोडं. चांगल्या ऑल-राउंड खेळाडूसाठी हीच. वरून कार्बनचा पत्रा, आत फोम, तो फार मऊ नको, फार कडक नको, वजन तीनशे साठ ग्रॅमच्या आसपास. एवढं कळलं की दुसरा माणूस दुकानात जाऊन घेऊन आला असता. पण माझ्या घरात प्रेशर कुकर तपासल्याशिवाय आला नाही आणि जावईही तपासल्याशिवाय आला नाही. (कुकर अजून चांगला आहे.)

सदर बाजारात जगदीश भैयाचं खेळाचं दुकान आहे. त्याच्याजवळ तीन रॅकेटी होत्या. मी व्हर्नियर कॅलिपर, घरचा वजनकाटा आणि लाटणं घेऊन गेलो. लाटण्यावर रॅकेट आडवी ठेवली की तोल कुठं आहे ते लगेच समजते, (ही माझी स्वतःची पद्धत आहे, व्हिडिओत नाही). छापलेलं वजन तीनशे साठ आणि काट्यावर तीनशे चौऱ्याहत्तर! दुसरीची जाडी एका बाजूला जास्त. तिसरीचा लॉट नंबर विचारला तं जगदीश भैया माझ्याकडे पाहतच राहिला. म्हणे, "चाचाजी, रॅकेट है, बम नहीं है." मी तिन्हींना लाल टॅग बांधले. तुम्हाला माहीत आहे, सेवानिवृत्तीच्या दिवशी माझ्या सेक्शनच्या पोरांनी मला "नामंजूर" छापलेल्या लाल टॅगांचा एक गठ्ठाच भेट दिला होता, गंमत म्हणून. त्यांना वाटलं नव्हतं की संपत येईल. दुसऱ्यांदा गेलो तं जगदीश भैया टॅग सोडवत बसला होता, आणि तिसऱ्यांदा मी रस्ता ओलांडताना दिसलो तेव्हा त्यानं शटर अर्धं खाली घेतलं. भर दुपारी, ग्राहकांच्या वेळेला.

म्हणून तुमच्या बंटीला पुण्याला फोन केला. तो खेळतो, त्याला कळते. त्याला म्हटलं, थेंबाच्या आकाराची, अशी अशी, एकाच मॉडेलच्या दोन पाठव, एकाच लॉटच्या. त्यानं विचारलं, दोन काहून, आत्या दोन्ही हातांनी खेळते का? मी म्हटलं, नाही बेटा, एक खेळायला आणि एक तपासायला. तो हसला. त्याला गंमत वाटली. आमच्या कामाची रीतच तशी आहे, भाऊ, प्रत्येक नग वाजवून पाहता येत नाही, वाजला की संपला. म्हणून एका लॉटमधून नमुना काढायचा, त्याचा जीव जाईपर्यंत तपासायचं, आणि नमुना टिकला तं बाकीचा लॉट मंजूर. दोन्ही रॅकेटी आल्या. काय सुंदर चीज! काळी, मधात निळी पट्टी. प्रतिमानं एक हातात घेतली, हवेत दोनदा फिरवली, आणि लगेच खाली ठेवून भात पाहायला गेली. पण मी तिचा चेहरा पाहिला होता. मी तीच रॅकेट तिची म्हणून कपाटात ठेवली आणि दुसरीला नमुना म्हणून नंबर घातला.

आधी थंडी. एक दिवस फ्रीजरमध्ये. फ्रीजरमध्ये पाटनवरून आणून सोलून ठेवलेला वर्षभराचा मटार होता, तो मी बाहेर काढला आणि आत टाकायचा विसरलो, त्यामुळे चार दिवस आम्ही मटारची उसळ, मटार भात आणि मटारचे पराठे खाल्ले. (पाचव्या दिवशी शेजारच्या सुमनबाईंकडे डबा पाठवला, तो भरलेलाच परत आला, त्यांच्या मटारसह.) मग गरमी. मोटरच्या खोलीवरच्या टिनावर एप्रिलच्या उन्हात दोन दुपारी. रॅकेटीला काही झालं नाही, मला नाकाचा घोळणा फुटला. मग गच्चीवरून तीन वेळा पाडून पाहायची, एकदा सपाट, एकदा कडेवर, एकदा मुठीवर. सपाट पास, कडेवर पास. तिसऱ्या वेळी वारा आला आणि ती सुमनबाईंच्या पापडांच्या खाटेवर पडली. सुमनबाई म्हणाल्या, भाऊजी, फॅक्टरी सुटली तरी तुमचं फेकणं सुटलं नाही का? त्यांचे तीस-चाळीस पापड गेले, पण रॅकेट पास झाली. मला तिचा अभिमान वाटायला लागला होता. तुमच्या बहिणीच्या हातात द्यायला लायक आहे म्हटलं, भोपाळात हिला कोणी हरवू शकत नाही.

तिथंच थांबलो असतो तं हे पत्र एवढं लांबलं नसतं. पण आमच्या कामात शेवटी एक चाचणी नेहमीपेक्षा जास्त भार देऊन करतात, आणि ती सोडली तं मला झोप येणार नव्हती. क्रिकेटचा जुना चेंडू बादलीत भिजवला, पेरूच्या झाडाला दोरीनं टांगला आणि मोजून शंभर फटके मारायचे ठरवले. एकसष्टाव्याला कट् झालं. मुठीच्या वर, जिथं थेंबाचं टोक येते, तिथून भेग थेट अर्ध्यापर्यंत. आणि भाऊ, खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला! दोष सापडला की आम्हा तपासणीवाल्यांना कसं वाटते, ते तुम्हाला नाही कळणार. मी वहीत लिहिलं, "एकसष्टाव्या फटक्यास नमुना निकामी", खाली सही केली, तारीख टाकली. सही वाळली आणि मग मी मागचं पान उलटून लॉटचा आकडा पाहिला.

नमुना फेल म्हणजे लॉट फेल. लॉटमध्ये राहिला होता एकच नग, कपाटातला.

मी नियमाप्रमाणे त्याला लाल टॅग बांधला. प्रतिमानं पाहिलं. मी तिला समजावून सांगितलं की एकाच लॉटची असल्यामुळे हिच्यातही तोच दोष असू शकते, ऐन सामन्यात तुटली तं कोपराला झटका बसेल, मला ते चालणार नाही. ती म्हणाली, भोपाळात काय मी पाण्यात भिजवलेला क्रिकेटचा चेंडू मारणार आहे का? मी म्हटलं, नियम नियम आहे. तिनं माझ्याकडे पाहिलं, आणि रागावलीही नाही, भाऊ, रागावली असती तं बरं झालं असतं. शांतपणे म्हणाली, ठीक आहे, रॅकेट नाही, तं भोपाळही नाही, झालं एकदाचं. आणि कणीक मळायला बसली. तो मंगळवार होता. मंगळवार ते शुक्रवार तिनं मला फक्त "जेवा" एवढंच म्हटलं. कोर्टावरही गेली नाही. शर्मिला मॅडमचे चार फोन आले, एकताचा एक आला, तो मी घेतला, तिनं जे सांगितलं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

जगदीश भैयाकडून आणावी म्हटलं, तं त्याच्या तिन्ही मीच नामंजूर केलेल्या. बंटीला दुसऱ्या लॉटची मागावी तं ती मुदतीच्या आत येत नव्हती. शनिवारी सकाळी चहा करत उभा होतो, आलं किसून राहिलो होतो, आणि डोक्यात एकदम उजेड पडला. एकोणनव्वदला रजेचा नियम होता आणि आता लॉटचा आहे. दोन्ही वेळा नियम माझा, आणि घरात बसली ती. ती निमित्त शोधत होती हे मला माहीत होतं, आणि तिला सगळ्यात पक्कं निमित्त मीच बांधून दिलं, लाल सुतळीनं! मला स्वतःची एवढी लाज वाटली की चहा उतू गेला.

फॅक्टरीत एक कागद असते, सवलतीचा. माल मापात बसत नाही, पण काम अडलं आहे आणि धोका नाही, अशी खात्री असेल तं अधिकारी आपल्या जबाबदारीवर तो पास करू शकतो. पस्तीस वर्षांत असा कागद मी एकदाही भरला नाही. लोकांनी विनवण्या केल्या, एका साहेबानं मला बोलावून समोसे खाऊ घातले, मी समोसे खाल्ले आणि सही केली नाही. काल सकाळी गॅस बंद केला, कपाट उघडलं, लाल टॅग कैचीनं कापला आणि वहीत लिहिलं, "नग क्रमांक दोन, सवलतीने मंजूर, जबाबदारी माझी." सही केली. रॅकेट आणि चहा, दोन्ही तिच्यासमोर नेऊन ठेवले. तिनं वही वाचली, दोनदा वाचली. मग पदर खोचला, रॅकेट उचलली आणि चहा न पिता कोर्टावर निघून गेली. दोन तासांनी घामाघूम परत आली आणि म्हणाली, "तोल चांगला आहे." चार दिवसांनंतर पहिलं पूर्ण वाक्य! दुपारी फॉर्म भरला. शर्मिला मॅडम आणि ती. मी सोबत जाणार, बॅग उचलायला आणि एकताच्या सूचनेप्रमाणे पाणी प्यायला.

वहिनींना जय भीम सांगा, आणि गुडघ्याला तीळतेल लावा, कोमट करून, आळस करू नका. ह्या माणसाकडून काही कमी-जास्त लिहिलं गेलं असेल तं ते सवलतीने मंजूर करा.

तुमचा,
मुरलीधर

ता. क. — नमुना कसा तुटला, हे बंटीला कळू देऊ नका. त्याला सांगा, फुफाजीनं (म्हणजे मीच) तपासलं, माल चांगला आहे.

आणखी एक ता. क. — खरं तं पत्र ह्याच्यासाठीच लिहायला घेतलं होतं आणि बाकीचं मधात आलं. फॉर्ममध्ये एक रकाना होता, "खेळाचा पूर्वानुभव". प्रतिमानं त्याच्यात "काही नाही" असं लिहिलं. माझ्यासमोर लिहिलं, भाऊ. तुमच्या माळ्यावर बाबांची टिनाची पेटी आहे, तिच्यात तिचं खो-खोचं कॅप्टनचं सर्टिफिकेट असेल. गुडघा दुखत असला तरी कोणाला तरी वर चढवा आणि ते रजिस्टरनं पाठवा. मी स्वतः आयोजकांसमोर ठेवून तो रकाना दुरुस्त करून घेणार आहे. ठरलं आहे.

दादा, मी प्रतिमा. पाकीट चिकटवायला माझ्याजवळ दिलं म्हणून वाचलं, ह्यांचं एकही पत्र मी आजपर्यंत न वाचता चिकटवलं नाही. सर्टिफिकेट पाठव, ह्यांचं समाधान होईल. पण एक गोष्ट तुला सांगते, ती तुझ्याजवळच ठेव. त्या मे महिन्यात बाबांनी मला विचारलं होतं, जबलपूरवाल्यांना सांगून तारीख पुढे ढकलू का, तू शिबिराला जाऊन ये. मीच नको म्हटलं. नागपूरच्या त्या मोठ्या मोठ्या पोरी आधी सामन्यात पाहून मी भ्याली होती दादा, मला न जायला कारण पाहिजे होतं, आणि आयतं लग्न मिळालं. चहाचं कारण मला पहिल्या महिन्यातच समजलं होतं. छत्तीस वर्षं रोज म्हणते, उद्या सांगीन, आणि रोज चहा चांगला होते. ह्यांना कळू देऊ नको. आताही मला तेवढीच भीती वाटून राहिली आहे. पण ह्या वेळी ह्या माणसानं एकही कारण शिल्लक ठेवलं नाही, म्हणून चालली आहे. तू भोपाळला ये. काचेच्या बाहेर, मला दिसशील असा उभा राहा.